कोविशिल्ड घेतली ती चूक होती का, आणि परत साथ आली तर नवीन लस घ्यायची की नाही हे कसं ठरवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण संदर्भ लागेल. मार्च २०२१ मधे तुम्ही स्वतः रांगेत उभं राहून बाबांना कोविशिल्ड दिली, बाबा तेव्हा ६६ चे, शुगर बीपी दोन्ही. जून २०२२ मधे बाबांना अटॅक आला, दोन स्टेंट पडले, आता तब्येत ठीक. २०२४ मधे इंग्लंडच्या कोर्टाची ती बातमी आली तेव्हापासून भाऊ म्हणतो की हे सगळं तू दिलेल्या लसीमुळे झालं, आणि आता त्याने कुठूनतरी "लस अंगातून काढणारा" काढा आणलाय आणि रक्त पातळ करायची गोळी बंद केलीय. तुम्ही विचारताय की तेव्हा माझं चुकलं का, आणि उद्या परत अशी साथ आली, घाईघाईत बनलेली नवीन लस आली, तर कशाच्या जोरावर ठरवायचं.

आधी गोळी. बाकीचं उत्तर नंतर वाचा, पण स्टेंटवाल्या माणसाची ऍस्पिरिन डॉक्टरला न विचारता बंद करायची नसते, स्टेंटमधे गुठळी होऊन बसली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. ज्यांनी स्टेंट टाकला त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि खरं काय ते सांगा, इतके दिवस बंद होती म्हणून. ओरडतील थोडं. ओरडू दे.

आता माझ्याबद्दल एवढंच की मी फिजिशियन, चोवीस वर्षं झाली, अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना. दुसरी लाट महाराष्ट्राला कळायच्या आधी आमच्याकडे आली होती, २०२१ च्या फेब्रुवारीतच, २२ फेब्रुवारीला अमरावतीत परत लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्यामुंबईचे माझे बॅचमेट फोन करून विचारायचे की अरे तुमच्याकडे चाललंय तरी काय. म्हणजे लस आणि लाट दोन्ही आमच्या दारात एकाच वेळी उभे होते, आणि लस घेऊ की नको हा प्रश्न मी रोज ओपीडीत पन्नास वेळा ऐकला. "काऊन जी डॉक्टरसाहेब, लोकं तं म्हनतात का सुई घेतली का मानूस दोन वर्सात जाते, खरं हाय का?" हे असं. त्या म्हातारबाबांना दोन वर्षं काय, चार वर्षं झाली, अजून दर महिन्याला शुगर तपासायला येतात आणि मी मुद्दाम विचारतो, काय बाबा, गेले नाही का अजून? ते पण हसतात.

कोर्टाची बातमी काय होती ते बघू. ऍस्ट्राझेनेकाने (आपली कोविशिल्ड म्हणजे त्यांचीच लस, इथे सिरमने बनवलेली) कोर्टाच्या कागदात मान्य केलं की त्यांच्या लसीने अत्यंत क्वचित टीटीएस होऊ शकतं, म्हणजे गुठळ्या होणं आणि त्याचवेळी प्लेटलेट्स कमी होणं. हे एप्रिल २०२४ च्या शेवटी छापून आलं आणि लोकांना वाटलं की तीन वर्षं लपवून ठेवलेलं आज बाहेर पडलं. प्रत्यक्षात हे ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध नियामकाने उघड सांगितलं होतं, लसीच्या माहितीपत्रकात पण टाकलं होतं, आणि त्याच दिवशी ब्रिटनने ठरवलं की तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायची, महिनाभराने ती मर्यादा चाळीसपर्यंत नेली. आपल्याकडे मात्र त्या वेळी कुणी पेशंटला नीट बसवून हे सांगितलं नाही, मी पण नाही सांगितलं प्रत्येकाला, खोटं कशाला बोलू, बाहेर दोनशे माणसं उभी असायची. त्यामुळे २०२४ मधे लोकांना फसवल्यासारखं वाटलं तर त्यांचा राग मला समजतो. त्या मे महिन्यात माझ्याकडे निम्मे लोक नुसतं "डी-डायमर करून द्या" म्हणत यायचे, म्हणजे रक्तात गुठळीची खूण शोधणारी तपासणी. तीन वर्षांनी डी-डायमर करून लसीबद्दल काहीही कळत नाही, फक्त लॅबचं बिल होतं.

टीटीएस हा अटॅकपेक्षा वेगळाच आजार आहे. त्यात लसीनंतर शरीर चुकून प्लेटलेटशी संबंधित एका प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून खर्ची पडतात आणि गुठळ्या होतात त्या पण विचित्र ठिकाणी, मेंदूच्या शिरांमधे, पोटातल्या शिरांमधे. आणि हे होतं ते लसीनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवडे या काळात, तेही बहुतेक पहिल्या डोसनंतर. तुमच्या बाबांना झालं ते पंधरा महिन्यांनी, हृदयाच्या धमनीत, वीस वर्षांची शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला. धमनीत चरबीचा थर साठतो, एक दिवस फुटतो, त्याच्यावर गुठळी बसते. हे मी १९९९ मधे रेसिडेंट असताना पण रोज बघत होतो, तेव्हा कुठली कोविशिल्ड. भावाला हे सांगा, पण भांडत सांगू नका, त्याला वडलांची काळजी आहे आणि काळजीला कुणीतरी दोषी लागतं.

आता मुख्य प्रश्न. लोक विचारतात लस सेफ आहे का, आणि मला या प्रश्नाचं उत्तर कधीच देता आलं नाही कारण तो प्रश्न अर्धाच आहे. कुणासाठी, कुठे, कोणत्या महिन्यात, आणि न घेतली तर काय, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. तुमच्या बाबांचंच गणित करू, पाटीवर करतो तसं.

लस यायच्या आधीच वयानुसार अंदाज आले होते की ज्याला लागण झाली त्यातले किती मरतात. २५ वर्षांच्या माणसात दहा हजारात एक. ५५ व्या वर्षी हजारात चार. ६५ ला शंभरात दीड म्हणजे १.४ टक्के, ७५ ला साडेचारच्या पुढे, ८५ ला पंधरा टक्के. वय वाढतं तसा धोका नुसता वाढत नाही, पटी-पटीने चढतो. बाबा ६६, शुगर सोडूनच देऊ, १.४ टक्के धरा, म्हणजे लागण झालेल्या एक लाखात १४००. आता सगळ्यांनाच लागण होईल असं नाही, म्हणून कंजुषी करून धरू की पाचातल्या एकालाच लागली, झाले २८०. आणि लस शंभर टक्के चालत नाही, धरू निम्मेच वाचले. तरी लाखामागे १४० जीव. आता दुसऱ्या बाजूला लसीने साठीतल्या लोकांना होणारी ती गुठळीची गंभीर भानगड, ब्रिटनच्या आकड्यांप्रमाणे लाखामागे ०.२. एकशेचाळीस विरुद्ध शून्य पॉइंट दोन, आणि मी दरवेळी लसीच्या विरुद्ध बाजूने कंजुषी केलीय. खऱ्या आयुष्यात पाचातला एक कुठला, जून-जुलै २०२१ च्या आयसीएमआरच्या सिरो सर्व्हेत ६७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्या २१ टक्क्यांच्या आसपास होत्या. यात लसवाले पण आले, पण तरी काय वणवा पेटला होता ते कळतं.

हेच गणित पंचवीस वर्षांच्या पोराचं करा. लागण झालेल्या लाखात १०, पाचातल्या एकाला लागण म्हणजे २, निम्मे वाचले म्हणजे १. आणि त्या वयात लसीच्या गुठळीचा धोका लाखाला १.१. फिटंफाट! (एका बाजूला मृत्यू मोजलेत, दुसऱ्या बाजूला गंभीर आजार, त्यामुळे हे काही तंतोतंत माप नाही, पण अंदाज यायला पुरे.) तीच बाटली, तीच सुई, एकाला सातशे पटीने फायद्याची आणि दुसऱ्याला नाणं उडवल्यासारखी. केंब्रिजच्या लोकांनी हाच हिशोब आयसीयूत भरती होण्याबद्दल नीट मांडला होता, त्यात साथ कमी असताना विशीतल्या लाख जणांमागे सोळा आठवड्यात ०.८ आयसीयू भरती वाचणार आणि १.१ जणांना गुठळीचा त्रास, म्हणजे लस तोट्याची. आणि साथ भडकलेली असताना त्याच विशीतल्या पोरांचा आकडा ०.८ वरून ६.९ वर, म्हणजे लस फायद्याची. पोरगा तोच. लस तीच. फक्त गावात साथ किती आहे ते बदललं. म्हणून ब्रिटनने तिशीखालच्यांसाठी वेगळं ठरवलं, त्यांच्याकडे साथ त्यावेळी उतरली होती आणि दुसरी लस हाताशी होती. आपल्याकडे मे महिन्यात दिवसाला चार लाखांच्या वर केसेस, आणि दुसरी लस म्हणजे कोवॅक्सिन, तीही मिळाली तर. ब्रिटनने बंद केली मग आपण का चालू ठेवली हे विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगायचो.

या गुठळीचा भारतातला आकडा विचाराल तर १७ मे २०२१ ला आपल्या एईएफआय समितीने, म्हणजे लसीनंतरचे त्रास तपासणाऱ्या सरकारी समितीने, सांगितलं होतं, दहा लाख डोसमागे ०.६१. मला स्वतःला हा आकडा कमी वाटतो. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाचं डोकं आठ दिवस दुखलं तर तो मेडिकलमधून गोळी घेतो, एमआरआय करायला नागपूरला जात नाही, मग नोंद कुठून होणार. म्हणून वरचं गणित मी मुद्दाम ब्रिटनच्या आकड्यांवर केलं.

आता उलटी गोष्ट सांगतो, कारण नुसतं लसीचं कौतुक केलं तर मी पण जाहिरात करतोय असं वाटेल. १९७६ मधे अमेरिकेत फोर्ट डिक्स नावाच्या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूसारखा एक फ्लू सापडला, एक सैनिक वारला, आणि सरकार घाबरलं की १९१८ ची फ्लूची महासाथ परत येतेय. धडाधड लस बनवली, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत साडेचार कोटी लोकांना टोचली. लसीने काही लोकांना जीबीएस झालं, हातपाय लुळे पडतात तो, साधारण लाखात एक जादा. डिसेंबरात मोहीम थांबवली. आणि तो फ्लू? तळाच्या बाहेर पसरलाच नाही. बघा, कोविशिल्डची गुठळी पण ढोबळमानाने लाखात एक, ही पण लाखात एक. लसीचा धोका जवळपास सारखाच, पण तिथे रोग आलाच नाही त्यामुळे तो लाखातला एक माणूस फुकट गेला, आणि इथे रोग घराघरात घुसला होता. त्यामुळे पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी "लाखात एकच" म्हणून धीर देत असेल किंवा "लाखात एक मरतो" म्हणून घाबरवत असेल, दोघांनाही विचारा, आणि रोगाचा आकडा?

आपल्याकडे पण असं झालंय थोडंफार. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लू आला, ऑगस्टमधे देशातला पहिला मृत्यू पुण्यातला, शाळा बंद, मास्कचा काळाबाजार. आणि देशी लसी बाजारात आल्या त्या २०१० च्या मध्यात, पुण्यातल्याच सिरमची नाकात फवारायची एक त्यात होती. तोवर लाट येऊन गेली होती, लोक मास्क विसरले होते. लसीला वेळ असते, नुसता गुण असून चालत नाही.

२०२१ मधे मी स्वतः काय केलं? आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं, मी पहिल्याच आठवड्यात कोविशिल्ड घेतली. कोवॅक्सिनबद्दल मात्र तेव्हा मी नाराज होतो आणि अजूनही त्या निर्णयावर नाराज आहे. ३ जानेवारीला दोन्हींना परवानगी मिळाली तेव्हा कोवॅक्सिनच्या तिसऱ्या फेजचा परिणामकारकतेचा एकही आकडा हातात नव्हता, घेणाऱ्याकडून वेगळ्या संमतीपत्रावर सही घ्यायचे, "क्लिनिकल ट्रायल मोड" म्हणे. मार्चमधे अंतरिम आकडा आला ८१ टक्के, नंतर अंतिम ७७.८, म्हणजे लस चांगलीच निघाली. पण चांगली निघाली म्हणून आकडे यायच्या आधी दिलेली परवानगी बरोबर होत नाही, लॉटरी लागली म्हणून तिकीट काढणं शहाणपणाचं ठरत नाही तसं. उलट पण खरं आहे आणि ते तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ताई, नंतर काहीतरी वाईट झालं म्हणून तेव्हाचा निर्णय चुकीचा होत नाही. त्या दिवशी काय माहीत होतं त्यावरच मोजायचं.

आणि माझी चूक. १ मार्चपासून साठीपुढचे आणि ४५ च्या वरचे आजारी लोक घेऊ शकत होते. माझ्याकडे किराणा दुकानवाले एक नेहमीचे पेशंट, ५८ वर्षं, शुगर, वजन जास्त. मार्चच्या पहिल्या आठवड्यात विचारायला आले, घेऊ का, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या शुगरची गोळी मी बदलली होती, मी म्हटलं जरा थांबा, शुगर सेट होऊ द्या, एप्रिलमधे बघू. अतिशय सहज म्हटलं. काही कारण नव्हतं, शुगर वाढली म्हणून ती लस थांबवायची असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, उलट शुगरवाल्यांनी आधी घ्यायला पाहिजे होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं सॅच्युरेशन ८२ घेऊन पोरगा दारात. चार तास बेडसाठी फोन केले. वाचले नाहीत. पहिल्या डोसने वाचले असते का हे मला सांगता येणार नाही, पण थांबा म्हणणं हे पण एक औषध लिहून देण्यासारखंच असतं, त्याचे पण साइड इफेक्ट असतात, हे मला त्या माणसाने शिकवलं. लोकांना वाटतं लस घेणं म्हणजे काहीतरी करणं आणि न घेणं म्हणजे जैसे थे. साथीत जैसे थे नावाची जागाच नसते.

घाईत बनलेल्या लसीवर विश्वास कसा ठेवायचा, हा तुमचा दुसरा मुद्दा. घाई कुठे झाली ते बघायचं. कोविशिल्डमागचं, चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवर बसवलेलं ते ऑक्सफर्डचं तंत्र आधीपासून मर्स नावाच्या कोरोनाच्याच भावंडासाठी वापरून बघितलेलं होतं. जानेवारी २०२० मधे विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाली तेव्हा गाडी तयार होती, फक्त प्रवासी बदलायचा होता. नेहमी एक फेज संपली की पैसे गोळा करा, मग दुसरी, मग कारखाना, यात वर्षं जातात. इथे सगळं एकावर एक चालवलं, सिरमने तर परवानगी मिळायच्या आधीच कोट्यवधी डोस भरून ठेवले, परवानगी मिळाली नसती तर मातीत गेले असते. ही घाई मला चालते, पैशाचा जुगार आहे तो, जिवाचा नाही. पण एक गोष्ट कुणालाच घाईत करता येत नाही ती म्हणजे वेळ. दोन वर्षांनी काय होतं हे बघायला दोन वर्षंच लागतात. यावर प्रामाणिक उत्तर एवढंच की आजवर ज्या लसींचे गंभीर दुष्परिणाम सापडले ते जवळपास सगळे टोचल्यापासून दीड-दोन महिन्यात सुरू झालेले होते, लस काही शरीरात वर्षभर दडून बसत नाही, म्हणून अमेरिकेच्या नियामकाने निम्म्या तरी लोकांवर दोन महिने लक्ष ठेवल्याशिवाय अर्जच नको म्हणून सांगितलं होतं.

आणि ट्रायलमधे काय दिसतं, काय दिसत नाही, याचा एक साधा हिशोब आहे जो मी आमच्या ज्युनिअर पोरांना शिकवतो. ट्रायलमधे १५ हजार लोकांना लस दिली आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तर तीनला १५ हजाराने भागा, म्हणजे तो त्रास पाच हजारात एकापेक्षा कमी असावा एवढंच छातीठोक म्हणता येतं. लाखात एक असणारी गोष्ट तिथे दिसणारच नाही, ती दिसायला तीन लाख लोक लागतात, आणि तेवढे लोक म्हणजे आपणच, पहिल्या महिन्यातले रांगेतले. म्हणून "ट्रायलमधे काहीच आढळलं नाही" आणि "काहीच होत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या दिवशी कुणी दुसरं वाक्य बोलत असेल, मग तो मंत्री असो की माझ्यासारखा डॉक्टर, तर तो जास्त बोलतोय.

याच्या उलट बाजूची गफलत म्हणजे लसीनंतर झालं ते लसीमुळे झालं. साठीपुढचे एक लाख लोक घ्या, त्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचा, पुढच्या सात दिवसात त्यातले पन्नासच्या वर लोक वारतील, कारण त्या वयात लोक वारतातच, टोचलं नसतं तरी. आणि प्रत्येकाच्या घरी म्हणतील कालपरवाच सुई घेतली होती हो. मे २०२४ मधे बनारसच्या विद्यापीठाचा कोवॅक्सिनवरचा अभ्यास गाजला ना, एक तृतीयांश लोकांना त्रास म्हणून, त्यात ९२६ लोकांना फोन करून विचारलं होतं की काय काय झालं, आणि लस न घेतलेल्यांना विचारलंच नव्हतं. मग तुलना कशाशी? आयसीएमआरने त्यावर जाहीर हात झटकले. गंमत बघा, १८९७ मधे मुंबईत प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनला पण ही अक्कल होती, १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली आणि महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना लस दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडचे प्लेग मोजले. १२७ वर्षांनी आपण फोनवर विचारतोय! (हाफकिनवर पुढे पंजाबातल्या एका गावात १९ माणसं धनुर्वाताने गेल्याचा ठपका आला, १९०२ ची गोष्ट, बिचाऱ्याची पाच वर्षं गेली निर्दोष सुटायला. लस नव्हती दोषी, एक बाटली उघडताना खराब झाली होती. म्हणून मी अजून बाटलीवरची तारीख बघून आणि सिरिंज माझ्यासमोर फोडून घेतो.)

खरे परिणाम पण असतात, ते नाकारू नका. ८ मार्च २०२१ ला लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या माणसाचा ऍनाफिलॅक्सिसने, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र ऍलर्जीने मृत्यू झाला, सरकारी समितीनेच लसीमुळे म्हणून मान्य केलेला तो देशातला पहिला. तो अर्धा तास बसवून ठेवायचे ना, लोक कंटाळून पळायचे, तो याच्यासाठी असतो.

मग उद्या आलीच साथ तर मी काय बघेन. पहिल्यांदा रोगाकडे, लसीकडे नंतर. माझ्या वयाला, माझ्या आजारांना तो काय करतो, आणि माझ्या तालुक्यात तो आत्ता आहे की अजून दोन महिने लांब आहे. आमच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचे बेड किती भरले हे मला कुठल्याही पेपरपेक्षा जास्त सांगतं. मग ट्रायलमधे माझ्यासारखे लोक होते का. गरोदर बायका नव्हत्या, म्हणून सुरुवातीला कुणालाच धड सांगता येत नव्हतं, २ जुलै २०२१ ला आपल्याकडे परवानगी आली तोवर दुसऱ्या लाटेत किती बाळंतिणी गेल्या ते प्रसूतीवाल्या डॉक्टरांना विचारा. मग लस नक्की काय वाचवते ते बघेन, साधी लागण की आयसीयू, या दोन्हींत खूप फरक असतो. वेल्लोरच्या सीएमसीने आपल्या कर्मचाऱ्यांचं बघितलं होतं त्याच लाटेत, दोन डोस झालेल्यांत लागण ६५ टक्के कमी पण ऑक्सिजन लागणं ९२ टक्के कमी आणि आयसीयू ९४. ज्यांना लस घेऊन पण कोविड झाला आणि म्हणून लस खोटी वाटली, त्यांनी ६५ बघितला, मी ९४ बघतो. आणि शेवटी, थांबलो तर मला काय नवीन कळणार आहे? महिनाभरात मोठा आकडा येणार असेल, मी तिशीतला धडधाकट असेन आणि साथ लांब असेल, तर मी पण थांबेन, खुशाल थांबेन. पण नुसतं "बघू" म्हणून थांबणार नाही.

निर्णय एकदा घेतला की कायमचा असं पण नाही. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉन आला, बहुतेकांना लागण नाहीतर लस काहीतरी होऊन गेलेलं, तेव्हा पंचविशीतल्या पोरांनी बूस्टर विचारलं तर मी गळ घातली नाही. आणि सक्तीबद्दल बोलायचं तर, १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल फक्त दोन डोस झालेल्यांसाठीच उघडली होती, मला ते कधी पटलं नाही, लसवाल्यांकडून पण डेल्टा पसरत होताच, आणि सक्तीने लोकांच्या मनात जो काटा रुतला तो २०२४ मधे बाहेर आला. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला सांगितलं की कुणाला जबरदस्तीने टोचता येणार नाही. बरोबर सांगितलं. पटवून द्यायचं काम आमचं आहे, ते कंटाळवाणं आहे, म्हणून आम्ही ते दंडुक्यावर सोपवतो.

तुमचं मार्च २०२१ चं उत्तर मी वर पाटीवर करून दाखवलंच, १४० आणि ०.२. तेव्हाचा हिशोब तुम्ही कागदावर केला नसेल पण केला तो बरोबर होता. भावाला हवं तर हे पूर्ण वाचायला द्या, आणि तो कुठे अडतो ते मला लिहा.

आणि हो, त्या काढ्याच्या बाटलीवर काय काय लिहिलंय त्याचा फोटो काढून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. घशासाठी म्हणून बऱ्याच काढ्यांत जेष्ठमध घालतात, रोज घेतलं तर त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, स्टेंटवाल्या बीपीच्या माणसाला ते अजिबात नको. बाबांचं पोटॅशियम आणि बीपी या आठवड्यात बघून घ्या.